डाव्या चाकावरची चांदणी

१

आमच्या घरातून पिकअप निघायची म्हणजे एक सोपस्कार असतो.

नवऱ्याचं काम मोबाइल टॉवरवरच्या जनरेटरचं. टॉवर डोंगरावर. वाटेत एक ओढा, आणि ओढ्यापलीकडे रस्ता म्हणजे नुसती दगडांची रास. म्हणून ही जुनी, चारही चाकांनी ओढणारी गाडी. पण ती ओढते आपण सांगितलं तरच. एरवी मागची दोन चाकं राबतात आणि पुढची दोन लग्नघरातल्या लांबच्या पाहुण्यांसारखी नुसती सोबत फिरतात. त्यांना कामाला लावायचं तर खाली उतरून दोन्ही पुढच्या चाकांच्या मधोमध असलेली मुठीएवढी चकती पिळावी लागते. तिला हब म्हणतात. कट् असा आवाज आला की चाक आतल्या दांड्याला जोडलं गेलं. मग आत बसून फोर व्हीलचा गिअर टाकायचा. दोन्हींतला एक जरी हब लावायचा राहिला तर पुढची सगळी ताकद त्या सुट्या बाजूने वाया जाते, आणि लावलेलं चाकही ढिम्म हलत नाही.

हे मला कळतं ते मामामुळे. बाकीच्या मुली सुट्टीत मामाकडे लाड करून घ्यायला जायच्या, मी त्याच्या गॅरेजात टॉर्च धरायला जायचे. पुढे फिजिक्स शिकले, शाळेत शिकवलंही, पण मामा अजून मला टॉर्च म्हणूनच हाक मारतो.

नवऱ्याला वाकायचा कंटाळा. त्यामुळे लग्नापासून हब माझ्याकडे. निघताना दोन्ही लावून झाले की मी बॉनेटवर दोन चापट्या मारते. दोन म्हणजे ‘लावलं, जा.’ परत आला की तो एकदाच, आखूड हॉर्न देतो आणि आतच बसून राहतो. मी जाते, हब सोडते आणि एक चापट मारते. एक म्हणजे ‘सुटलं, ये घरात.’ ती मिळाल्याशिवाय तो उतरत नाही. एकदा मी मुलीला झोपवत होते, तर पाऊण तास तसाच बसून राहिला.

“अरे, उतरायचं ना!”

“मालकिणीच्या परवानगीशिवाय पाय खाली टेकायचा नाही, असं ठरलंय आपलं.”

मुलगी अडीच वर्षांची आहे. गालात खाऊ साठवून ठेवते म्हणून तिचं नाव खारू पडलं.

मंगळवारी सकाळी खारूला ताप होता. शंभरच्या जरासा वर. मी चार वेळा थर्मामीटर लावला आणि चारही वेळा माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. मी गॅस बंद केलाय का हे बघायला जिन्यावरून परत येणाऱ्यांतली बाई आहे. आई झाल्यापासून तर दोनदा येते. खारूला कडेवर घेऊन बाहेर आले. तिच्या हातात चिकटचित्रांचा कागद होता. मी डाव्या हबपाशी वाकले तशी तिने वरून हात घालून चकतीवर एक पिवळी चांदणी चिकटवली. अर्धी चकतीवर, अर्धी बाहेरच्या कड्यावर. मी ती काढायला गेले तर असं किंचाळली की समोरच्या खिडकीतला पडदा हलला.

म्हटलं, आधी उजवा लावू, तोवर हिचं लक्ष दुसरीकडे जाईल. उजवा लावला. कट्. तेवढ्यात खारू माझ्या खांद्यावर भडाभडा दूध ओकली. मी तिला सावरलं, पदराने तोंड पुसलं, आणि माझा हात आपोआप बॉनेटवर गेला.

एक, दोन.

गाडी निघून गेली.

दुपारी तिचा फ्रॉक धुताना आठवलं. डावा हब तसाच राहिला. फोन लावला, पण टॉवरचा जनरेटर बंद असला की ओढ्यापलीकडे रेंज नसते.

२

पाचच्या सुमारास मी खिडकीत उभी होते. खरं म्हणजे दोनपासूनच उभी होते.

आमची गल्ली चढाची आहे. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापासून गाड्या दुसऱ्या गिअरवर येतात, तो घरघराट मी झोपेतही ओळखते. तसाच आला. गाडी वळणावर दिसली. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. आमची पिकअप एकटी चढ चढून अंगणात येऊन उभी राहिली, आणि मी सुटकेचा असा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली.

हॉर्न वाजला नाही.

मी खारूला खाली ठेवून चपला शोधत होते, तेवढ्यात गाडीचं दार उघडलं आणि तो उतरला. आपणहून. मनात आलं, झालं, चिडलाय. वर जाऊन कळलं असणार डावा हब लावलेलाच नव्हता म्हणून.

“ओढ्यात मागचा शाफ्ट तुटला,” तो म्हणाला. “मी तो काढला, फोर व्हील टाकलं, पुढच्या चाकांवर आलो. बरं झालं तू हब लावलेस.”

हौद्यात तो शाफ्ट आडवा पडला होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब, जाड लोखंडी नळ. एका टोकाचा सांधा फुटलेला. तो नसेल तर मागची चाकं बैलगाडीची, आपण ढकलू तशी फिरणारी. पुढची चाकं लावलेली असतील तर गाडी पुढच्यांवर घरी येऊ शकते. मामाने एकदा आणली होती.

नवरा आत गेला. मी डाव्या चाकापाशी बसले.

चाकाला ओला चिखल होता. चकतीवरची पिवळी चांदणी जागच्या जागी होती. अर्धी चकतीवर, अर्धी कड्यावर. कुठे सुरकुती नाही, चीर नाही. मधे चकती फिरली असती तर ती फाटायलाच हवी होती.

आतून न्हाणीघरात नळ सोडल्याचा आवाज येत होता. मी किती वेळ तिथे बसले कोण जाणे. उठले तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि हब सोडायचे, चापट मारायची, यातलं काहीच केलं नव्हतं.

३

बुधवारी सकाळी मामा त्याची जीप घेऊन आला, ओढायची दोरी खांद्यावर टाकून.

“कुठेत जावईबापू? पुढच्या चाकांवर आले म्हणे. सर्कशीत लागले की काय?”

“आंघोळ करतोय.”

“अजून? काल फोनवरही आंघोळच म्हणालीस. लग्न ठरलंय का परत?”

एरवी या दोघांना एकमेकांना टोमणा मारल्याशिवाय चहा पचत नाही. आतून उत्तर आलं नाही. नुसता नळाचा आवाज.

मामा पुढच्या बंपरखाली दोरीचा हुक अडकवायला बसला आणि थांबला.

“टॉर्च, हे बघ.”

गाडी ओढायच्या कडीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. वाळलेलं, जुनं, अख्खं. मामाने ते स्क्रूड्रायव्हरने पाडलं तेव्हा कुठे हुक आत गेला. मी आदल्या संध्याकाळपासून मनाशी घोकत होते, कुणीतरी गल्लीच्या तोंडापर्यंत ओढत आणलं असेल, सांगायची लाज वाटत असेल, पुरुषच ते. त्या मातीच्या ढेकळाबरोबर माझा तो युक्तिवादही खाली पडला.

गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट खोली. भिंतीवर पाने आकारानुसार टांगलेले, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, वर एकच पंखा जो फिरताना ‘नाही नाही’ म्हणतो. मामाने गाडीची चारही चाकं लोखंडी ठोकळ्यांवर अधांतरी केली. खारू जुन्या टायरमध्ये बसून बिस्किट गालात भरत होती. ताप उतरला होता.

मामाची पद्धत ठरलेली आहे. आधी विचार, मग बघ, मग ऐक. पाना सगळ्यात शेवटी. त्याने पुढच्या शाफ्टवर खडूने एक रेघ मारली, दोन्ही पुढच्या चाकांवर एकेक रेघ मारली, आत बसून इंजिन चालू केलं आणि फोर व्हील टाकलं. मी समोर उकिडवी.

“शाफ्ट?” तो वरून ओरडला.

“फिरतोय.”

“चाकं?”

“नाही.”

“कुठलं नाही?”

“कुठलंच नाही.”

इंजिन बंद झालं. मामा खाली उतरला, माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी टॉर्च हलला की असाच बघायचा. मग मी सांगून टाकलं. ताप, ओकारी, उजवा हब, दोन चापट्या, चांदणी.

त्याने चांदणीची कड नखाने चाचपली.

“म्हणजे डावा सुटाच. मग पुढच्या चाकांवर आले कसे हे?”

“तेच तर.”

“उतारावरून आले असतील. न्यूट्रलमध्ये.”

“आणि आमची गल्ली?”

मामा चकतीपाशी वाकला. “सॉरी गं खारे,” एवढं म्हणाला आणि त्याने चकती पिळली. कट्. चांदणी मधोमध फाटली. मला एकदम वाटलं, अरे, थांबवायला हवं होतं. माझ्याकडे तेवढा एकच पुरावा होता. उद्या मीच मला म्हणणार, चांदणी तू म्हणतेस तशी नव्हतीच.

परत इंजिन. आता दोन्ही हब लावलेले.

“आता?”

“नाही.”

चाकांवरच्या रेघा जागच्या हलल्या नाहीत. मधल्या लोखंडी गोळ्यातून मात्र कुणीतरी पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येत होता.

४

पुढच्या दोन चाकांच्या मधे तो गोळा असतो. शाफ्टची ताकद तिथे डावी-उजवीकडे वाटली जाते. आत दातेरी चाकं आणि जाड, काळं तेल. ओढ्याचं पाणी कधी आत शिरतं, मग तेल ताकासारखं पांढुरकं होतं. मामाला तेच अपेक्षित होतं. त्याने खाली घमेलं सरकवलं आणि गोळ्याचं बूच काढलं.

पाणी आलं. ताक नाही, तेलाचा तवंग नाही. नुसतं स्वच्छ पाणी. मी बोट लावलं. गार होतं, दात शिवशिवतील असं.

“यात दीड लिटर मावतं,” मामा म्हणाला.

घमेलं भरलं. मामाने पायाने बादली पुढे सरकवली. धार तेवढीच जाड होती. बादली अर्ध्याच्या वर आली तेव्हा कुठे ती बारीक झाली, मग थेंब, मग थांबली. पंखा नाही नाही म्हणत होता. मयताच्या घरीही ज्याच्या तोंडून विनोद निसटतो तो माझा मामा पिंपापाशी जाऊन दोनदा साबणाने हात धुऊन आला.

मग त्याने गोळा खाली उतरवला, टेबलावर ठेवून उघडला. मी टॉर्च धरला.

आतल्या चाकांना दात नव्हते. एकही नाही. म्हाताऱ्या माणसाचं बोळकं. आणि सगळं गंजलेलं, खपल्या धरलेलं, तळाशी बारीक, गोल, गुळगुळीत वाळू.

“गेल्या महिन्यात मीच तेल बदललंय यातलं,” मामा म्हणाला. “दात बघितले होते. नवे होते.”

“मंगळवारी तुटले असतील.”

“तुटले असतील. गंज?”

मी फिजिक्सवाली. मी म्हटलं, पाणी, ऑक्सिजन, उष्णता, कधीकधी झपाट्याने होतं. मामाने मला बोलू दिलं. वर्गातल्या ढ मुलाला बोलू देतात तसं.

“हे बघ, माणसं काय सांगतात ते सोड,” तो म्हणाला. “लोखंडाला विचारलंस तर ही गाडी अजून ओढ्यातच आहे.”

मागे टायरमधून खारू म्हणाली, “बाबा.”

“बाबा घरी आहेत, पिल्लू.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. पिकअपच्या दाराकडे बघत होती. दार बंद होतं, आत कोणी नव्हतं. मी जाऊन बघितलं. दोनदा.

५

संशय आला की मन आधी नेहमीचे आरोपी उभे करतं. दारू, बाई, नोकरी. मी तिघांनाही हजर केलं. दारूचा वास नाही. बाईचा पुरावा म्हणून शर्टाचा वास घेतला, आणि तिथे चपापले. सहा वर्षं आमच्या कपाटाला डिझेलचा वास आहे. तीन साबण बदलले, गेला नाही. मंगळवारच्या शर्टाला कसलाच वास नव्हता. धुतलेल्या कपड्यालाही पाण्याचा, उन्हाचा असतो. याला तोही नाही.

तो घरीच होता. “टॉवर बंद आहे,” म्हणाला. गाडीचं काय झालं, मामा काय म्हणाला, एका शब्दाने विचारलं नाही. एरवी गाडीवर ओरखडा आला तर जेवण जात नाही त्याला.

दिवसातून तीनदा आंघोळ. दार लावायचा, नळ सोडायचा, आणि वीस वीस मिनिटं पाणी वाहत राहायचं. बादली भरल्याचा आवाज नाही, तांब्याचा नाही, अंगावरून पाणी सांडल्याचाही नाही. एकसारखं वाहणं. बाहेर आल्यावर मी टॉवेल चाचपायचे. कोरडा. गुरुवारी मी मुद्दाम त्याची घडी एका कोपऱ्यात दुमडून ठेवली. शुक्रवारी कोपरा तसाच दुमडलेला.

मग मी स्वतःला चांगलं फैलावर घेतलं. माणूस अपघातातून आलाय. धक्का बसलाय. त्याला गरज आहे ती बायकोची, तर ही टॉवेल मोजतेय.

म्हणून शुक्रवारी दुपारी त्याच्यासमोर बसले. “नीट सांग ना, काय झालं ओढ्यात?”

“ओढ्यात मागचा शाफ्ट तुटला. मी तो काढला, फोर व्हील टाकलं, पुढच्या चाकांवर आलो. बरं झालं तू हब लावलेस.”

तेच शब्द. त्याच क्रमाने. ‘बरं झालं’च्या आधीचा श्वासही तोच.

“निघताना मी किती चापट्या मारल्या होत्या, आठवतं?” मी हसत विचारलं.

“दोन.”

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मूर्ख बाई, मी स्वतःला म्हटलं. आणि नुसतं खेळ म्हणून पुढे विचारलं, “आणि परत आल्यावर किती असतात?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. शाळेत उत्तर न येणारी मुलं शेजारच्याच्या वहीकडे बघतात ना, तसं माझ्या चेहऱ्याकडे.

“दोन,” तो म्हणाला.

खारू दारात उभी होती. मंगळवारपासून तिने त्याला बाबा म्हटलं नव्हतं. “हा आला,” म्हणायची. “हा बसला.” मी म्हटलं होतं, वय आहे, नवा शब्द सापडलाय.

“रविवारी खारूला वर नेऊ,” तो म्हणाला. “ओढा दाखवू.”

हाच माणूस दोन वर्षं सांगत आलाय, वर वाऱ्याशिवाय काही नाही, लेकराला कशाला न्यायचं.

“गाडी कुठाय? मामाकडे सगळी खोलून पडलीय.”

“येईल,” तो म्हणाला.

६

शनिवारी दुपारी तो न्हाणीघरात असताना मी मामाला फोन केला. तोंडावर हात धरून बोलत होते, आणि मधेच लक्षात आलं की मी माझ्याच घरात कुजबुजतेय.

“मामा, दुरुस्त करू नकोस गाडी.”

“करतोय कुठला! गोळा टेबलावर उघडा आहे. मागचा शाफ्ट भिंतीला टेकवलाय. पुढचाही काढून ठेवला. पोरी, त्या गाडीला आता एकही चाक ओढत नाही. नुसता सांगाडा आहे, हातगाडी बरी.”

“ठोकळ्यांवरच ठेव.”

“ठेवलीय.” मग म्हणाला, “तू ये इकडे. मामी विचारतेय, खारूला काय आवडतं.”

“उद्या येते. दहाला घ्यायला येशील?”

“नऊला येतो.”

मी खारूची पिशवी भरली. चार फ्रॉक, औषधाची बाटली, थर्मामीटर. कशाला पळतेय मी? कोणी विचारलं असतं तर काय सांगणार होते? नवऱ्याचा टॉवेल कोरडा आहे म्हणून? तो कधी आवाज चढवून बोलला नाही, हात उचलला नाही. फक्त माझ्या मुलीला त्या ओढ्याकडे न्यायचं म्हणतोय. पिशवी मी कोठीत गव्हाच्या डब्यामागे ठेवली. चोरासारखी.

७

रविवारी नऊला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. न्हाणीघरात पाणी वाहत होतं.

“गाडी तुम्ही नेलीत?” मामाचा आवाज ओळखू येईना.

“कसली गाडी?”

“मी आत्ता कुलूप उघडलं. चार ठोकळे आहेत, गाडी नाही. टॉर्च, गोळा इथेच आहे. माझ्यासमोर आहे, टेबलावर. दोन्ही शाफ्ट भिंतीला आहेत. तू खारूला घे आणि आहेस तशी बाहेर…”

अंगणात हॉर्न वाजला. एकदा. आखूड.

मी फोन कुठे ठेवला आठवत नाही. खारूला उचललं आणि बाहेर आले, कारण घरात राहायचं नव्हतं, आणि बाहेर जायला तो एकच रस्ता आहे.

ऊन पडलं होतं. शिंप्याच्या दुकानाची फळी उघडल्याचा आवाज आला. पिकअप अंगणात नेहमीच्या जागी उभी होती. इंजिन चालू. मी खाली वाकून पाहिलं, तेवढी सवय माझ्यात शिल्लक होती. पुढच्या चाकांच्या मधे, गोळा असतो तिथे, पोकळी. त्या पोकळीतून पलीकडची तुळस दिसत होती. सगळ्या गाडीतून पाणी ठिबकत होतं. चाकांखाली बारीक, गोल, गुळगुळीत वाळू.

काचांना आतून वाफ धरली होती. काचेमागे कोण बसलंय ते दिसत नव्हतं. नुसती एक सावळी आकृती, मान किंचित खाली, दिवसचे दिवस वाट बघून थकलेल्या माणसाची असते तशी. मग आतून काचेवर एक तळवा टेकला. टेकला आणि तसाच राहिला. अंगठ्याजवळ जनरेटरच्या पट्ट्याने कापल्याची ती आडवी खूण, जी मी सहा वर्षं ओळखते.

“बाबा,” खारू म्हणाली.

त्याने दार उघडलं नाही. तो उघडणारच नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख आलं, मंगळवारी मी हब सोडले नव्हते. चापटही मारली नव्हती. जो उतरून घरात गेला तो न विचारता गेला. आणि ज्याला परवानगीशिवाय पाय खाली टेकायचा नव्हता तो अजून गाडीतच बसलेला होता.

की हेही माझ्या शंकेखोर डोक्याचंच? मला मान्य आहे, मी चार वेळा थर्मामीटर लावणारी बाई आहे. गाडीत काय बसलंय ते मला कुठे माहीत होतं? तळवा ओळखीचा म्हणून माणूस ओळखीचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? घरातल्याचा तळवाही तसाच होता.

मी खारूला डाव्या कडेवर घट्ट घेतलं. उजव्या चाकाची चकती सोडली. डाव्याची सोडली. तिच्यावर फाटक्या चांदणीचा अर्धा तुकडा अजून होता. तेवढ्यात घरातलं पाणी वाहायचं थांबलं.

मी बॉनेटवर हात मारला. इंजिन चालू असून पत्रा बर्फासारखा गार होता.

एक.

मागे न्हाणीघराची कडी निघाली. ओले नसलेले पाय फरशीवरून चालत पायरीपर्यंत आले.

“दोन,” तो मागून म्हणाला. शांतपणे, चूक दुरुस्त करावी तसा. “दोन असतात ना.”

खारूने माझ्या मानेत तोंड खुपसलं. समोर काचेवरचा तळवा निघाला आणि गाडीच्या दाराचा खटका आतून हलू लागला. जड, गंजलेला, सावकाश.

दोन म्हणजे ‘जा.’ माझा हात बॉनेटवरच होता. मी तो दाबून धरला, बोटं बधिर होईपर्यंत. सहा वर्षांच्या सवयीचा हात आहे. उचलला असता तर दुसरी पडलीच असती.